सामायिक भिंतीला हात लावताना

लायब्ररीची नवी आवृत्ती आली आणि तुमचा जुना कोड मोडला, तर आळशी तुम्हीच! आमच्या धंद्यात हे मत फार ठामपणे ऐकवलं जातं. मला ते साफ अमान्य आहे.

पीएचपीयुनिटचंच बघा. टेस्टकेस हा क्लास इनहेरिट करा, चाचणीआधीची तयारी सेटअप मेथडमध्ये लिहा, हे खुद्द लायब्ररीनेच शिकवलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये आठवी आवृत्ती आली आणि मूळ सेटअपला 'व्हॉइड' हा एक शब्द चिकटला. म्हणजे ही मेथड काही परत देत नाही. खरंच आहे ते! पण पीएचपीचा नियम असा, की आईने परतीचा प्रकार जाहीर केला की लेकरांनीही करायचा. ज्यांनी केला नव्हता त्यांना थेट फेटल एरर. बदल मोठ्या आवृत्तीत झाला, फुकट राबणाऱ्यांनी केला, हे मान्य. तरी प्रश्न उरतोच.

मी उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये राहतो. हे शहर मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर बराकींमध्ये सिंधी निर्वासित आले. एका बराकीत अनेक बिऱ्हाडं, मधली भिंत सामायिक. ती हलवायची तर शेजाऱ्याला विचारावं लागतं, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. बेस क्लास म्हणजे अशीच भिंत.

मग काही बदलूच नये का? जरूर बदलावं. जेयुनिटने २००६ मध्ये चौथ्या आवृत्तीत इनहेरिट करण्याची सक्तीच काढली. मेथडवर अ‍ॅनोटेशन लावलं की झालं. जुने टेस्टकेसवाले क्लासही चालत राहिले. २०१७ च्या पाचव्या आवृत्तीने जुन्या चाचण्यांसाठी व्हिन्टेज नावाचं वेगळं इंजिन दिलं. आधुनिकपणा म्हणतात तो हा! लोकांना आधी भिंतीपासून मोकळं करा, मग भिंत खुशाल नवी बांधा.

चार माणसांच्या ऑफिसात काय होतं ते मी पाहिलंय. अपग्रेड केल्यावर सगळ्या चाचण्या लाल होतात. मालक म्हणतो, "चाचण्या राहू दे रे, आधी साईट चालू कर." राहिलेल्या चाचण्या मग कायमच्याच राहतात. पुढे बिलातली चूक गिऱ्हाईक शोधून देतं.

तेव्हा कोड स्वच्छ झाला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी एकदा बंद पडलेल्या चाचण्याही मोजाव्यात.