विणकाम खातं अजून बंदच आहे : बी.व्होक.ला जाणाऱ्या भावाबहिणींसाठी

बारावीचा निकाल लागला की भीमनगर-भावसिंगपुऱ्यापासून मुकुंदवाडीपर्यंत एकच प्रश्न फिरतो, पोराला कुठं टाकायचं? पूर्वी उत्तरं दोन होती. मार्क असतील तर इंजिनिअरिंग, नसतील तर आयटीआय. आता तिसरं उत्तर आलंय आणि ते फार गोड आवाजात दिलं जातं : "बी.व्होक. कर. तीन वर्षांत पदवी, शिकता शिकता स्टायपेंड, वाळूज नाहीतर शेंद्र्यात लगेच काम." आई-बापाला हे पटतं. पटणारच, त्यांचं आयुष्य 'लगेच काम' या दोन शब्दांची वाट पाहण्यात गेलेलं असतं.

हे उत्तर खोटं नाही. अर्धं आहे. उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही म्हणून हा लेख.

आधी वस्तू काय आहे ते बघू. 2013 च्या डिसेंबरात केंद्र सरकारने राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर केला. त्याच्या आधारावर 2014 पासून यूजीसीने बॅचलर ऑफ व्होकेशन ही पदवी उभी केली. साठ टक्के कौशल्य, चाळीस टक्के सामान्य शिक्षण. एक वर्षानं सोडलं तर डिप्लोमा, दोन वर्षांनी ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, तीन पूर्ण केली तर पदवी. 2020 मध्ये यूजीसीने पदवीतच ॲप्रेंटिसशिप बसवायची मार्गदर्शक तत्त्वंही काढली. आपल्या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातच इंडस्ट्रियल ऑटोमेशन, ऑटोमोबाइल असे विषय शिकवणारं कौशल्य केंद्र आहे. यूजीसीच्या योजनेप्रमाणे त्याचं नाव दीनदयाळ उपाध्याय. ज्या नावासाठी 1978 ते 1994 मराठवाड्यात आपली घरं जाळली गेली, माणसं मारली गेली, त्या विद्यापीठाच्या आवारात कौशल्याला नाव मात्र दीनदयाळांचं! असो. नावाचं भांडण दुसऱ्या दिवशी करू, आज मुद्दा पोटाचा आहे.

'मल्टिपल एक्झिट' हा शब्द ऐकायला उदार वाटतो. कधीही बाहेर पडा, हातात कागद असेल. पण बाहेर कोण पडतं? ज्याच्या बापाचा ठेका संपला, जिच्या घरी लग्नाची घाई सुरू झाली, ज्याची शिष्यवृत्ती वेळेवर खात्यात पडली नाही, तो आणि ती. पूर्वी असा पोरगा शाळा-कॉलेजातून गळायचा तेव्हा त्याला गळती म्हणत आणि सरकारला उत्तर द्यावं लागे. आता गळतीला प्रमाणपत्र मिळतं आणि आकडा सुधारतो. शिवाय एका वर्षाचा हा डिप्लोमा आणि तंत्रनिकेतनचा तीन वर्षांचा डिप्लोमा, नाव एकच, पण शासनाच्या कनिष्ठ अभियंत्याच्या जाहिरातीत चालतो तो दुसरा. पूर्ण पदवीचंही तसंच. 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' अशी अट असेल तिथं बी.व्होक. चालतं. 'अभियांत्रिकी पदवी' लिहिलं असेल तिथं तीन वर्षं ऑटोमेशन शिकलेला पोरगा दाराबाहेर. म्हणजे मशीनजवळ उभं राहायला तो इंजिनिअर, खुर्चीवर बसायची वेळ आली की साधा पदवीधर.

आता ॲप्रेंटिसशिप. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा स्पष्ट म्हणतो की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगार कायदे त्याला लागू नाहीत. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी द्यायचीच असं मालकावर बंधन नाही. 2014 च्या दुरुस्तीने तर भरतीचं धोरण कंपनीनं स्वतःच ठरवायचं असं केलं. पदवी शिकाऊला किमान स्टायपेंड 2019 च्या नियमांनी 9,000 रुपये ठरला आणि राष्ट्रीय योजनेत त्यातला निम्मा भार सरकार उचलतं. हिशेब करा. लाइनवर उभा असलेला तरणाबांड, शिकलेला पोरगा कंपनीला महिन्याला साडेचार हजारांत पडतो आणि वर्ष संपलं की त्याच्या जागी नवीन येतो. आमच्या वस्तीतल्या एकाने असंच वर्ष काढलं. शेवटच्या दिवशी सुपरवायझरनं पाठ थोपटली आणि गेटवर पास जमा करून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर त्याच्याच कॉलेजचा ज्युनिअर उभा होता.

बजाजचा वाळूजचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला. तेव्हाच्या पिढीतले जे लोक परमनंट झाले त्यांनी सिडकोत घरं घेतली, पोरं शिकवली, चळवळीला वर्गणी दिली. जयंतीची मिरवणूक या शहरात ज्या थाटात निघते त्यामागे त्या पगाराच्या चिठ्ठ्याही आहेत, हे विसरू नका. परमनंट नोकरी गेली की फक्त एक घर खाली येत नाही.

इथं आपल्यातले काही जण उडी मारून म्हणतील, बघा, हे राजाजींचंच आहे. 1953 मध्ये मद्रासला राजाजींनी शाळा अर्ध्या दिवसावर आणली आणि उरलेला वेळ पोरांनी बापाचा धंदा शिकावा असं ठरवलं. लोकांनी त्याला कुलशिक्षण म्हणून झोडपलं, राजाजी गेले आणि 1954 मध्ये योजनाही गेली. साम्य आहे, पण म्हणून बी.व्होक.वर बहिष्कार टाका असं म्हणणारा मी नाही. पीएलसीचं प्रोग्रॅमिंग हा कुणाच्या बापजाद्याचा धंदा नव्हता. ते ज्ञान आहे आणि आपल्या पोरांच्या हातात यायला हवं. उलट बाजूनं, शेत विकून खाजगी कॉलेजात बी.टेक. केलेले किती जण त्याच वाळूजच्या गेटवर ट्रेनी म्हणून उभे आहेत, तेही बघा. हाताने काम करणं कमीपणाचं आहे असं आपण म्हणू लागलो तर मनूचीच भाषा बोलू.

बाबासाहेबांची भूमिका याहून नेमकी होती. 29 ऑक्टोबर 1942 ला त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगोला अस्पृश्यांच्या तक्रारींचं निवेदन दिलं. त्यात त्यांनी सांगितलं की नुसत्या कला आणि कायद्याच्या शिक्षणानं आपला समाज वर येणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं उच्च शिक्षण हवं. त्यासाठी देशात आणि परदेशात शिकायला शिष्यवृत्त्या मागितल्या. त्याच निवेदनात सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ म्हणून आपली पोरं घ्या, हीही मागणी आहे. दोन्ही एकत्र, लक्षात घ्या. वर्कशॉपची जागा मागताना त्यांनी विद्यापीठाची जागा सोडली नाही. आजची व्यवस्था नेमका हा सौदा पुढं करते : वर्कशॉप घ्या, विद्यापीठाचं नाव लावून देतो, पण वरची जागा मागू नका.

आणि कारखान्यात वरची जागा कोणती, हे बाबासाहेबांना मुंबईच्या गिरण्यांतून ठाऊक होतं. विणकाम खात्यात पगार चांगला. पण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि विटाळ नको म्हणून आपल्या माणसाला त्या खात्यात घेत नसत. तो सूतखात्यात कमी पगारावर. हे मालकाइतकंच सवर्ण कामगारांनीही चालू ठेवलं होतं. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. यंत्र नवं होतं, विलायतेहून आलेलं, पण खात्यांची वाटणी गावचीच.

आज विणकाम खातं कुठं आहे? डिझाइनमध्ये आहे, प्लॅनिंगमध्ये आहे, खरेदीत आणि क्वालिटीच्या केबिनमध्ये आहे. रोबो बसवायचा की नाही, लाइनवर किती माणसं ठेवायची, हे जिथं ठरतं तिथं आहे. अभ्यासक्रमाच्या पत्रिकेवर 'टेक्नॉलॉजी मॅनेजमेंट' हे शब्द असतात तेव्हा मला एवढंच विचारायचंय की मॅनेज कोण करणार आणि मॅनेज कोण होणार? चाळीस टक्के सामान्य शिक्षणात संभाषणकौशल्य आणि शिस्तीचे धडे भरलेत की गणित, कॉस्टिंग, कामगार कायदा आहे? ज्या पदवीत यंत्र चालवायला शिकवतात पण त्याचा हिशेब शिकवत नाहीत, ती पदवी सूतखात्याची आहे.

म्हणून प्रवेश घेताना भुलू नका, घाबरूही नका. टेबलापलीकडच्या माणसाला विचारा : ही पदवी कोणत्या शासकीय पदाच्या सेवाप्रवेश नियमात नावानिशी आहे? पुढं एम.टेक.ला कुठं प्रवेश मिळेल? मागच्या तीन बॅचेसमधले किती जण त्याच कंपनीत कायम झाले? भारत सरकारची शिष्यवृत्ती या अभ्यासक्रमाला लागू आहे का, हे लेखी मागा. आणि संघटनांनी मंत्रालयात एकच गोष्ट लावून धरावी, बी.व्होक.च्या तांत्रिक शाखांना सेवाप्रवेश नियमांत समकक्षता देणारा शासन निर्णय.

आणखी एक, बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट. खाजगी क्षेत्रात आरक्षण हवं म्हणून आपण वर्षानुवर्षं ठराव करतो. शिकाऊ उमेदवार कायद्याचं कलम 3-अ उघडून वाचा. निर्दिष्ट व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवणं मालकावर बंधनकारक आहे, त्यात खाजगी मालकही आला. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कुठल्या गेटवर आपण ही यादी मागितली? पदवी शिकाऊंचा कारभार मुंबईच्या बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंगकडे आहे, आयटीआय ट्रेडचा राज्याच्या यंत्रणेकडे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. जिल्ह्यातल्या आस्थापनांची नावं, प्रत्येकीनं घेतलेले शिकाऊ, त्यात अनुसूचित जाती-जमातींचे किती आणि त्यातले नोकरीवर किती ठेवले, एवढे चार रकाने मागायचे. मसुदा मी तयार केलाय, ज्याला हवा त्यानं घ्यावा आणि आपल्या नावानं टाकावा. एकाच्या अर्जाला उत्तर येत नाही, पन्नासांच्या अर्जाला यावं लागतं.

जय भीम.