हिशेबाची वही : तीस दिवसांचा कागद

या सदरात टॅक्सचं नाव निघालं की वाचक पान उलटतात, हे आम्हांला संमेलनाच्या जेवणाच्या रांगेतच ऐकायला मिळतं. तरी या खेपेला पुन्हा टॅक्सच. त्याला कारण आमचा भाचा.

हा भाचा सॅन होजेला असतो. मोठ्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून पाच जणांच्या नव्या कंपनीत गेला. पगार निम्मा, पण वर एक लाख शेअर्स. आमच्या ताईचा जीव तेव्हापासून टांगणीला लागलेला. दिवाळीतल्या शनिवारी त्याचा फोन आला, तो खरं तर फराळ मिळाल्याचं सांगायला. बोलता बोलता म्हणाला, "मामा, शेअर्सचे कागद सह्या करून दिले. चार वर्षं टिकलो की सगळे माझे."

"८३-बी पाठवलंस का?" आम्ही विचारलं.

"ते काय असतं? कागदांत होतं काहीतरी. एप्रिलमध्ये सीपीएला दाखवीन ना."

आमच्या हातातली चकली हातातच राहिली. सही होऊन सव्वीस दिवस झाले होते!

आता हे ८३-बी म्हणजे काय, ते सांगतो. १९६९ साली अमेरिकेच्या आयकर कायद्यात कलम ८३ आलं. त्याचं म्हणणं असं, की कामाच्या मोबदल्यात शेअर्स मिळाले, पण नोकरी सोडल्यास ते परत द्यावे लागणार असतील, तर कर आज नाही. जसजसे ते शेअर्स पक्के तुमचे होतील, म्हणजे 'व्हेस्ट' होतील, तसतसा त्या त्या दिवशीच्या किमतीवर कर. ऐकायला किती छान! पण मेख इथेच आहे. नव्या कंपनीची किंमत वाढली तर करही वाढतो. पोटकलम 'बी' म्हणतं, की वाटल्यास आजच्याच किमतीवर हिशेब मिटवून टाका, मात्र तसं तीस दिवसांत लेखी कळवा.

भाच्याचंच गणित मांडू. एक लाख शेअर्स, प्रत्येकी सेंटचा दहावा भाग, म्हणजे अवघे शंभर डॉलर. ते त्याने खिशातून भरले होते. किंमत शंभर, भरले शंभर. फरक शून्य, म्हणून कर शून्य. पण कागद पाठवलाच नाही, आणि वर्षाने पहिले पंचवीस हजार शेअर्स व्हेस्ट होताना भाव दोन डॉलर झाला असेल, तर जवळजवळ पन्नास हजार डॉलर त्या वर्षीच्या पगारात धरले जाणार. पुढे दरमहा तोच प्रकार. हे शेअर्स बाजारात विकता येत नाहीत, म्हणजे कर भरायचा तो घरच्या पैशांतून. कागद पाठवला असेल, तर शेअर्स विकेपर्यंत काहीच नाही. आणि वर्षभर राखून विकले तर कॅपिटल गेनचा दर, जो जास्तीत जास्त वीस टक्के आहे. पगाराचा वरचा दर सदतीस!

"पण आम्ही पूर्ण किंमत मोजून घेतले, मग कसला कर?" असं पुष्कळांना वाटतं. आल्व्ज नावाच्या गृहस्थांनाही तसंच वाटलं होतं. १९७० साली, पुढे वेस्टर्न डिजिटल झालेल्या कंपनीचे शेअर्स त्यांनी दहा सेंटला, म्हणजे पूर्ण भावाने घेतले. ८३-बी पाठवलं नाही. भांडण अपील कोर्टापर्यंत गेलं आणि १९८४ साली ते हरले. 'शून्य' हे उत्तरसुद्धा लिहून कळवावं लागतं.

दुसऱ्याची उदाहरणं कशाला? १९९९ साली आम्हीही असेच शेअर्स घेतले, पाच सेंट भावाने. कागद फायलीत, फाइल कपाटात. "नंतर बघू" हा आमचा बाणा. २००० च्या फेब्रुवारीत पहिला हप्ता व्हेस्ट झाला, तेव्हा बाजार शिखराजवळ होता, आणि त्या भावाने ती रक्कम आमच्या उत्पन्नात आली. विकायची मुभा मिळेपर्यंत शेअर्स घसरले. २००१ च्या एप्रिलमध्ये कर भरला, तेव्हा ते सगळे विकूनही तो निघाला नसता. पुण्यातल्या फ्लॅटसाठी साठवलेले पैसे त्यात गेले. सौ. अजून त्या फ्लॅटसमोरून जाताना रिक्षावाल्याला जरा हळू घ्यायला सांगते.

म्हणून सगळ्यांनीच डोळे मिटून हा कागद पाठवावा असं नाही, बरं का. शेअर्स स्वस्त असताना प्रश्न नसतो. पण कंपनी आधीच मोठी झालेली असेल आणि आजच वीस-तीस हजारांचा कर भरावा लागणार असेल, तर दहा वेळा विचार करा. उद्या नोकरी सुटून शेअर्स परत गेले, तर भरलेला कर परत मिळत नाही. भाव पडला म्हणून निर्णयही फिरवता येत नाही. आणि मोठ्या कंपन्यांचे आरएसयू निराळे; तिथे शेअर्स हातात आलेलेच नसतात, त्यामुळे हा कागद चालत नाही. ऑप्शन असतील, तर ते व्हेस्ट होण्याआधीच वापरून शेअर्स घेतले तरच चालतो.

तीस दिवस मोजायचे ते शेअर्स तुमच्या नावावर झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, शनिवार-रविवार धरून. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढचा कामाचा दिवस चालतो. याखेरीज मुदतवाढ नाही, दंड भरूनही नाही. पूर्वी साधं पत्र लिहावं लागे. २०२४ पासून आयआरएसचा १५६२० नंबरचा फॉर्म आहे, आणि २०२५ पासून तो ऑनलाइनही भरता येतो. एक प्रत कंपनीला द्यायची.

ऑनलाइनची सोय असूनही आमचा विश्वास पोस्टाच्या शिक्क्यावर. सोमवारी, अठ्ठाविसाव्या दिवशी, भाचा पोस्टात जाऊन सर्टिफाइड मेलने फॉर्म पाठवून आला आणि पावतीचा फोटो पाठवला. सौ.ने तो छापून आमच्या जुन्या फायलीत, १९९९ च्या कागदांवर लावून ठेवला.

रात्री ताईचा फोन. "शेअर्सचं मिटलं ना रे? मग आता त्याच्या लग्नाचं बघ."

ते खातं आमच्याकडे नाही, असं सांगितलं.