मुलीने विचारले तर बिघडले कुठे?

आमच्या मंडळींत एक कुजबुज वरचेवर कानी येते. एखाद्या मुलीने ओळखीच्या मुलाला स्वतःहून "कॉफी घ्यायला येतोस का?" असे विचारले, की शब्बाथ सुटताच फोन खणखणू लागतात आणि बातमी अश्दोदहून दिमोनाला पोहोचते! मुलाने विचारले तर तो धीट, मुलीने विचारले तर ती उथळ. हा न्याय आम्हांला मान्य नाही.

"आपल्या धर्मात हे बसत नाही," असे वडीलधारी माणसे म्हणतात. त्यांना आम्ही आदराने विचारतो, शावुओतला कोणाची कथा वाचतात? रूथची. ती विधवा, गरीब, परदेशी. बवाजने तिला निरोप धाडला नव्हता. सासूच्या सल्ल्याने तीच रात्री खळ्यावर गेली व तिनेच लग्नाची गोष्ट काढली. बवाजने तिला निर्लज्ज म्हटले नाही, आशीर्वाद दिला. त्याच वंशात पुढे दावीद राजा जन्मला. तू बे-आवला यरुशलेमच्या मुली पांढरी वस्त्रे नेसून द्राक्षमळ्यांत नाचत व तरुणांना स्वतः हाक देत, असे मिश्नात आहे. ती वस्त्रेही उसनी असत; जिच्यापाशी नाहीत तिला लाज वाटू नये म्हणून!

"पण कोकणात आपल्या आजीने असे केले असते काय?" नसते केले. तेथे मागणी घालायला मामा-काका होते, सारी घरे एकमेकांना ठाऊक होती. येथे एक कुटुंब लोदला, दुसरे बीर-शेवाला. मधले माणूसच उरले नाही, तर मुलीने वाट तरी कोणाची पाहावी? १९४९ च्या कायद्यापासून हा देश आपल्या मुलींना सैन्यात बोलावतो. त्यांच्या हाती बंदूक चालते, आणि एक फोन चालत नाही?

१९६२ साली रब्बीनेटने आपल्या लग्नांसाठी पूर्वजांची चौकशी सुरू केली, तेव्हा आपण गप्प बसलो नाही. १९६४ साली यरुशलेमात निदर्शने केली. लग्नाच्या बाबतीत आमची पत इतरांहून कमी का, हाच आपला सवाल होता. आज आपली मुलगी तोच सवाल आपल्याला करीत आहे. आता उत्तर देण्याची पाळी आपली आहे.

मुलीने घरी सांगून जावे. मुलाला रुचले नाही तर त्याने सभ्यपणे नाही म्हणावे, व ते चारचौघांत सांगत फिरू नये. नकार आजवर मुलांनी पचवला, मुलीही पचवतील. त्यांना पचत नाही ती आपली कुजबुज. ती आधी थांबवा!