पदपथावरील अतिथी

गणरायाच्या स्वागतास परळ-लालबाग सजले आहे. त्याच परळात, १९४१ साली सुरू झालेल्या टाटा रुग्णालयाच्या आसपास, परगावचे कर्करुग्ण व त्यांचे नातलग पदपथावर रात्री काढतात. गावी घर आहे, येथे छप्पर नाही! दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशांना आश्रय देते. पण सर्वांना जागा कशी पुरावी? १९५६ साली निवर्तलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या, स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. आजही परिसरातील रहिवासी व संस्था या रुग्णांना अन्न पुरवितात, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. मंडळांस आमची एकच विनंती. मंडपाच्या ताडपत्र्या भाड्याच्या असतात, हे आम्ही जाणतो. वर्गणीतून आणखी महिनाभराचे भाडे भरून त्या या पदपथांवर द्याव्यात. पाऊस काही अनंत चतुर्दशीला थांबत नाही.