पाचांत चार गार्ड?

नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयाचा मुलींचा बास्केटबॉल संघ निवडायचा आहे. सहा फुटी मुली कितीशा मिळणार? ‘तू ठेंगणी, बाजूला बस’ असे सांगत बसण्यापेक्षा पाचांत चार गार्ड खेळवावेत, असे माझे मत आहे. गार्ड म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या, पास देणाऱ्या, लांबून नेम धरणाऱ्या खेळाडू.

कडे मुलांइतकेच उंच, ३.०५ मीटरवर! पण कड्याचा व्यास ४५ सेंटिमीटर, तर मुलींच्या चेंडूचा सुमारे २३. चेंडू जमिनीशी ३० अंशांचा कोन करून आला, तर त्याला कड्याचे तोंड जेमतेम २२.५ सेंटिमीटर रुंद मिळते. तो कड्याला आपटणारच. ४५ अंशांनी उतरला, तर तीच रुंदी ३२ सेंटिमीटरच्या घरात जाते. (जेवणाचे ताट डोळ्यांसमोर तिरके धरून पाहा, लगेच पटेल.) म्हणजे लांबच्या फेकीत चेंडूची कमान मोलाची, आणि ती सरावाने साधते. शिवाय ठेंगण्या मुलीचा टप्पा बुटका. चेंडू चटकन हाताशी परततो.

किंमत मात्र मोजावी लागते. हुकलेला चेंडू कड्यावरून उडाला, की उंच हात तो आधी गाठतात. समोरची उंच मुलगी पाठ लावून आत सरकली, तर गार्डचा नाइलाज होतो. हा सारा भार एकट्या उंच मुलीवर टाकणे मला पटत नाही. फेक होताच चौघींनीही आपापल्या प्रतिस्पर्ध्याला पाठीने अडवायला हवे.

पुढचा सामना पाहाल तेव्हा गुणांबरोबर हुकलेले चेंडू कोणी पकडले, तेही मोजा. चार गार्डांचा संघ हरला, तर कारण बहुधा तिथेच सापडेल.