धावणाऱ्याआधी वाट करणारा

अटलांटा फाल्कन्सनी एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये २०२१ साली चौथ्या क्रमांकावर टाइट एंड काइल पिट्स घेतला, २०२२ साली आठव्यावर रिसीव्हर ड्रेक लंडन आणि २०२३ साली पुन्हा आठव्यावर रनिंग बॅक बिजान रॉबिन्सन. तिघेही गुणी, पिट्सने तर पहिल्याच हंगामात हजार यार्ड ओलांडले. संघाचा हिशेब मात्र तिन्ही हंगामांत तोच राहिला, ७ विजय आणि १० पराभव. खेळाडूंची पारख चुकली नव्हती, चुकला तो क्रम. मॅट रायन गेल्यावर या तिघांपर्यंत चेंडू पोचवणारा भरवशाचा क्वार्टरबॅकच त्यांच्याकडे नव्हता.

क्वार्टरबॅक आधी, याबद्दल फारसा वाद नाही. खरा प्रश्न त्यानंतरचा, आणि तिथे ‘कोणती जागा महत्त्वाची’ असे विचारून काही हाती लागत नाही. आज ही जागा भरली नाही तर पुढे ती कुठून आणि किती पैशांत भरता येईल, हे विचारावे. इसाया पाचेको २०२२ साली कॅन्सस सिटीला सातव्या फेरीत मिळाला आणि त्याच हंगामात सुपर बोल जिंकणाऱ्या संघाचा मुख्य रनिंग बॅक झाला. टाइट एंडमध्ये ट्रॅव्हिस केल्सी तिसऱ्या फेरीतला, जॉर्ज किटल पाचव्या. रिसीव्हरमध्येही कूपर कप तिसऱ्या आणि पुका नाकुआ पाचव्या फेरीतला. क्वार्टरबॅकला कडेने राखणाऱ्या टॅकलचे तसे नाही. दीडशे किलोच्या आसपासचा देह आणि तरी चपळ बचावपटूसमोर मागे सरकत तोल सांभाळणारे पाय, असा माणूस मुळात दुर्मीळ. त्यात २०११ च्या करारापासून नवोदिताचे वेतन ड्राफ्टमधल्या क्रमांकावर ठरते, खेळण्याच्या जागेवर नाही. खुल्या बाजारात टॅकल रनिंग बॅकपेक्षा कितीतरी महाग. म्हणजे तोच वरचा क्रमांक टॅकलवर लावला तर बचत मोठी. रिसीव्हरचे भावही आता चढले आहेत, म्हणून माझ्या यादीत तो टॅकलच्या मागोमाग येतो.

यावर सिनसिनाटीचा दाखला हमखास दिला जातो. त्यांनी २०२१ साली टॅकल पनेई सूएलला सोडून रिसीव्हर जेमार चेस घेतला. चेसने १,४५५ यार्ड मिळवले आणि संघ थेट सुपर बोलला पोचला. निवड वाईट नव्हतीच, असा रिसीव्हर उशिराच्या फेऱ्यांत रोज सापडत नाही. पण त्याची किंमत क्वार्टरबॅक जो बरोने मोजली. साखळी सामन्यांत त्याला ५१ वेळा आडवे पाडले गेले, सुपर बोलमध्ये आणखी ७ वेळा, आणि तो सामना गेला ३ गुणांनी.

दुसरा आक्षेप सेक्वान बार्कलीचा: २०२४ साली २,००५ यार्ड आणि वर विजेतेपद, मग रनिंग बॅक दुय्यम कसा? पण हाच बार्कली २०१८ साली न्यूयॉर्क जायंट्सनी दुसऱ्या क्रमांकावर घेतला होता, क्वार्टरबॅक जॉश ॲलन शिल्लक असताना, आणि तिथल्या सहा हंगामांत त्याच्या वाट्याला विजेतेपद आले नाही. फिलाडेल्फिया ईगल्समध्ये त्याच्यापुढे लेन जॉन्सन आणि जॉर्डन मायलाटा हे टॅकल होते. मायलाटा सातव्या फेरीतला, हे कबूल. मात्र रग्बीतून आलेल्या या गड्याला घडवायला ईगल्सनी दोन हंगाम त्याला मैदानाबाहेर ठेवले, आणि इतका धीर फार थोड्या संघांना परवडतो. जॉन्सनला मात्र त्यांनी २०१३ साली चौथ्या क्रमांकावर उचलले होते. बार्कलीसाठी त्यांनी ड्राफ्टमधली एकही निवड खर्च केली नाही.