उत्तर : कोणीच नाही

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत रोज सकाळी सात वाजता मी परीक्षक व्हायचे. हातात चहा, समोर मोबाइल आणि मोबाइलमध्ये न्यू जर्सीतली मावशी. तिकडे रात्रीचे साडेनऊ. ओटा आवरून ती वही घेऊन बसायची. ‘‘हं, विचार गं. पण ओळीने नको, मधलेमधले विचार.’’

मावशीची नागरिकत्वाची मुलाखत जवळ आली होती. अमेरिकेत साधारण पाच वर्षं ग्रीन कार्डवर काढली की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. मग इंग्रजी वाचता-लिहिता येतं का ते बघतात, शिवाय इतिहास-नागरिकशास्त्राची तोंडी परीक्षा घेतात. जुनी यादी १०० प्रश्नांची. अधिकारी त्यातले जास्तीत जास्त १० विचारतो, ६ बरोबर आले की पास. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी प्रश्न १२८ झालेत, त्यातले २० विचारणार आणि १२ यायला हवेत. मावशीचा अर्ज आधीचा, म्हणून वाचली.

गंमत म्हणजे प्रश्न आणि उत्तरं दोन्ही सरकारच छापून देतं. म्हणजे आपलं ‘२१ अपेक्षित’च की! पहिल्या दिवशी मी जाम हसले. हसू नका, दहावीला राज्यशास्त्र आपण कसं ‘केलं’ ते आठवा. इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला जोडलेली पानं, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलेली. मावशीचंही तेच चाललं होतं. भगतसिंग थिंड नावाच्या शीख माणसाला १९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ‘तुम्ही गोरे नाही’ म्हणून नागरिकत्व नाकारलं. भारतीयांना ते दार १९४६ मध्ये उघडलं. मला हे भारी वाटलं, मी तिला सांगायला गेले. ती म्हणाली, ‘‘यादीत आहे का? नाही ना? मग राहू दे.’’

पण त्या यादीतला एक प्रश्न माझ्या डोक्यात अडकला. ‘तुमच्या राज्याच्या एका सिनेटरचं नाव सांगा.’ उत्तर राज्यागणिक वेगळं. आणि खाली टीप : वॉशिंग्टन डीसीत राहणाऱ्यांनी ‘आमच्याकडे सिनेटर नाही’ असं उत्तर द्यावं. म्हणजे ‘कोणी नाही’ हेसुद्धा बरोबर उत्तर असू शकतं, आणि ते माहीत असावं लागतं.

त्याच दिवशी मावशीने डाव उलटवला. ‘‘आता मी विचारते. आमदार कोण तुझा?’’ आलं. ‘‘खासदार?’’ जरा थांबून, पण आलं. ‘‘नगरसेवक?’’ मी झटकन नाव सांगितलं. चौकातल्या फ्लेक्सवर रोज बघते ना. पेपरमागून बाबा म्हणाले, ‘‘ते माजी आहेत. साडेतीन वर्षं झाली, नगरसेवक कोणीच नाहीये.’’

मास कम्युनिकेशनची पदवी, एका दैनिकात इंटर्न, आणि बरोबर उत्तर बाबांनी सांगितलं.

मुंबई, पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आमचं शहरही त्याच माळेतलं. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना यांवरून कोर्टात प्रकरणं चालू राहिली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. म्हणजे नाली तुंबली, बस बंद झाली, तर सभागृहात उभं राहून विचारणारं कोणी नाही. आपल्या संविधानाचं कलम २४३-यू म्हणतं की महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आत निवडणूक पूर्ण व्हायला हवी. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्यायला सांगितलं. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मतदार यादीत नाव आल्यापासून जवळपास सगळा काळ मला नगरसेवकच नव्हता आणि मला ते जाणवलंही नाही. आमच्या ग्रुपवर फेस्टची तारीख चार दिवस पुढे गेली तर केवढा राडा होतो! इथे चार वर्षं गेली, एक मेसेज नाही. तुमच्या ग्रुपवर होता?

हे कट्ट्यावर सांगितलं तर एक मित्र म्हणाला, ‘‘मग मतदान कार्ड देण्याआधी आपलीही परीक्षाच घ्या ना!’’ ऐकायला बरं वाटतं. मला अजिबात मान्य नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत अशा परीक्षा होत्याच. कृष्णवर्णीयांना अवघड प्रश्न टाकून मतदार यादीबाहेर ठेवायचं आणि गोऱ्यांकडे काणाडोळा करायचा. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने त्याला चाप लावला. आपल्याकडे १९५१ मध्ये शंभरातल्या जेमतेम १८ जणांना लिहिता-वाचता येत होतं, तरी मत सगळ्यांना दिलं. पेट्यांवर चिन्हं लावली आणि काम भागवलं. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांच्यावर तेव्हा विश्वास टाकला. आता डिग्रीवाल्यांनी पेपर काढून इतरांना गाळायचं?

आपल्याकडे नागरिकत्व मागणाऱ्या परदेशी माणसाला आठव्या अनुसूचीतली एखादी भाषा पुरेशी यावी लागते, नागरिकशास्त्राचा पेपर नसतो. आपण तर जन्मतःच पास. त्यामुळे आपल्याला कोणी विचारत नाही, आणि कोणी विचारत नाही म्हणून आपण शोधत नाही. माझा राग पाठांतरावर नाही. कलमांचे आकडे मीही उद्या विसरेन. पण निवडणूक व्हायची वेळ टळून गेलीय एवढं तरी खटकायला हवं होतं. त्यासाठी ती कधी व्हायला हवी हे माहीत लागतं. बस्स, एवढंच ज्ञान.

मावशी पास झाली. सहा प्रश्न विचारले, सहाही बरोबर, अधिकारी तिथेच थांबला. आता तिचा भारतीय पासपोर्ट जाणार, त्या रात्री ती फोनवर जरा गप्पच होती. जानेवारीत आपले निकाल लागले तेव्हा मात्र सकाळी सातलाच फोन. ‘‘हं, आता सांग नगरसेवक कोण?’’

‘‘एक नाही गं, चार. प्रभाग चार जणांचा आहे.’’

तीन नावं धडाधड सांगितली. चौथ्यासाठी गॅलरीत जाऊन चौकातला फ्लेक्स वाचावा लागला.